गेस्टचा कर्नल हलका करण्याआधी त्याला होस्टशी बोलू द्या

प्रश्न थोडक्यात असा: प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी प्रणाली) चालवणाऱ्या एका होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, लिनक्सच्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीखाली डेबियन लिनक्सचे बरेच गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात. प्रत्येक गेस्टसाठी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतः कंपाइल करून हलका करावा का? करायचाच तर कोणते पर्याय चालू ठेवायचे आणि कोणते बंद? शिवाय दोन अडचणी आहेत. स्वतः बिल्ड केलेला कर्नल रूट फाइलसिस्टम (जिच्यावर सिस्टमच्या फाइली असतात ती) सापडत नाही म्हणून पॅनिक होतो, म्हणजे बूट होतानाच थांबतो, आणि स्नॅपशॉट (गेस्टची साठवून ठेवलेली अवस्था) परत घेतला की गेस्टचं घड्याळ मागे राहतं.

आधी थेट उत्तर देतो. फक्त आकार कमी करण्यासाठी स्वतःचा कर्नल बिल्ड करू नका. जे मॉड्यूल (कर्नलचा गरजेपुरता लोड होणारा तुकडा) लोडच होत नाही ते रॅम खात नाही. वायफाय आणि साउंड कार्डांचे ड्रायव्हर डिस्कवर पडून राहिले तर थोडी जागा जाते, त्यापलीकडे काही बिघडत नाही. उलट स्वतःचा कर्नल म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांची कायमची जबाबदारी. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी स्वतःच सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या त्रुटींना दिले जाणारे क्रमांक) देतात, आणि तेव्हापासून त्या क्रमांकांचा ओघ इतका वाढला आहे की यातलं आपल्याला काय लागू पडतं हे एकट्यादुकट्याने रोज पाहणं अवघड आहे. डेबियनची टीम ते काम करते. ते सोडून द्यायचं तर हातात काहीतरी ठोस पडायला हवं.

बहुतेकांना जे हवं असतं ते डेबियनमध्ये तयार मिळतं. 'लिनक्स-इमेज-क्लाउड-एएमडी६४' या पॅकेजमधला कर्नल व्हर्च्युअल मशीनसाठीच बिल्ड केलेला असतो. प्रत्यक्ष हार्डवेअरचे बहुतेक ड्रायव्हर त्यातून काढलेले असतात, त्यामुळे तो लहान असतो आणि त्याचे अपडेट 'ॲप्ट' या डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकातूनच येतात. फक्त एखाद्या गेस्टला ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं पीसीआय कार्ड पास-थ्रू केलं, म्हणजे थेट त्याच्या ताब्यात दिलं असेल, तर त्या गेस्टवर नेहमीचा कर्नलच ठेवा, कारण त्या कार्डाचा ड्रायव्हर क्लाउड कर्नलमध्ये बहुधा नसतो.

स्वतःचा कर्नल खरोखर लागतो अशा जागाही आहेत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या फायरक्रॅकरसारख्या मायक्रोव्हीएममध्ये (झटकन उठणाऱ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) बूटचा प्रत्येक मिलिसेकंद मोजला जातो. तिथे पीसीआय बसच्या शोधाशोधीत वेळ न घालवता व्हर्टआयओ-एमएमआयओवर (पीसीआयशिवाय चालणाऱ्या व्हर्च्युअल उपकरणांवर) काम भागवतात आणि सगळं कर्नलमध्येच बिल्ट-इन ठेवतात. एकच काम करणारी बंद पेटी बनवणारे आणि कर्नल शिकू पाहणारे यांनीही जरूर स्वतः बिल्ड करावं. तुम्ही शिकण्यासाठी करत असाल तर गेस्टइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण बिघडलं तरी स्नॅपशॉट हाताशी असतो.

आता मूळ मुद्दा. गेस्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये काय काढलं यापेक्षा काय घातलं याला जास्त महत्त्व आहे. आपण खऱ्या मशीनवर नाही हे ज्या कर्नलला माहीत नसतं, तो खोट्या हार्डवेअरशी खऱ्यासारखा वागतो. ई१००० नेटवर्क कार्ड किंवा आयडीई डिस्क जेव्हा क्यूएमयू हा होस्टवरचा प्रोग्राम नकलेने उभी करतो, तेव्हा ड्रायव्हरने रजिस्टरला हात लावला की गेस्ट थांबतो, ताबा होस्टकडे जातो आणि मग परत येतो. एका पॅकेटमागे हे अनेकदा घडतं. केव्हीएम २००७ च्या सुरुवातीला २.६.२० मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं. पुढच्याच वर्षी जानेवारीत २.६.२४ बरोबर रस्टी रसेल यांचं व्हर्टआयओ आलं, ते याच दुखण्यावर. गेस्ट आणि होस्ट दोघांना दिसणाऱ्या मेमरीत एक रिंग ठेवायची, गेस्टने तिच्यात कामं मांडायची आणि एकदाच इशारा करायचा. आजही गेस्टच्या वेगाचा मोठा भाग यावरच उभा आहे.

तुमचा सध्याचा कर्नल होस्टला ओळखतो का, ते बूट लॉगच्या सुरुवातीलाच कळतं. 'डीमेसेज' या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत 'हायपरव्हायझर डिटेक्टेड: केव्हीएम' आणि 'बूटिंग पॅराव्हर्च्युअलाइज्ड कर्नल ऑन केव्हीएम' या दोन ओळी शोधा. पहिली ओळ नाही आणि दुसऱ्या ओळीत केव्हीएमऐवजी 'बेअर हार्डवेअर' लिहिलेलं आहे, किंवा तीही ओळ नाही, तर कर्नल गेस्टच्या पर्यायांशिवाय बिल्ड झाला आहे असं समजा. डेबियनच्या कर्नलमध्ये दोन्ही ओळी दिसतील.

बिल्ड करायचंच ठरवलं असेल तर सुरुवात अशी करा. पर्यायांची नावं पुढे सगळीकडे 'कॉन्फिग_' हा उपसर्ग गाळून लिहितो. सोर्स डिरेक्टरीत आधी 'मेक डेफकॉन्फिग' आणि त्यावर 'मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग'. जुन्या लेखांत हीच आज्ञा 'केव्हीएमकॉन्फिग' नावाने सापडते, ती आता काढून टाकली आहे. या एका आज्ञेने हायपरव्हायझर_गेस्ट, पॅराव्हर्ट, केव्हीएम_गेस्ट, व्हर्टआयओ_पीसीआय, व्हर्टआयओ_बीएलके, व्हर्टआयओ_नेट, एससीएसआय_व्हर्टआयओ आणि सिरीयल कन्सोल चालू होतात. व्हर्टआयओ_बलून आणि एचडब्ल्यू_रँडम_व्हर्टआयओ चालू आहेत ना, हे मेन्यूत जाऊन स्वतः पाहा. डेबियनचा तयार कॉन्फिग उचलून सुरुवात केलीत तर बिल्ड सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून अडेल. सिस्टम_ट्रस्टेड_कीज रिकामं करा, की पुढे जाईल.

तुमच्या पॅनिककडे येऊ. 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' ही ओळ पाहून लोक लगेच फाइलसिस्टमवर संशय घेतात. कंसातले दोन आकडे आधी वाचा. (०,०) म्हणजे कर्नलला ते डिव्हाइसच ओळखता आलं नाही. तिथे शून्याऐवजी दुसरे आकडे असते तर डिस्क सापडली पण तिच्यावरची फाइलसिस्टम वाचता आली नाही, म्हणजे ईएक्सटी४_एफएस किंवा एक्सएफएस_एफएस राहून गेलं, असा अर्थ निघाला असता. आता पॅनिकच्या थोडं वर जा. कर्नल तिथे त्याला दिसलेल्या सगळ्या पार्टिशनांची यादी छापतो. बाकीचं उत्तर त्या यादीत आहे.

यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर नाही. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्या डिस्क व्हर्टआयओ-एससीएसआय कंट्रोलरवर जोडतात, व्हर्टआयओ-ब्लॉकवर नाही. म्हणजे गेस्टमध्ये डिस्क 'एसडीए' म्हणून येते, 'व्हीडीए' म्हणून नाही, आणि तिला एससीएसआय_व्हर्टआयओबरोबर बीएलके_डीईव्ही_एसडी हा पर्यायही लागतो. 'इथे खरी स्काझी डिस्क कुठे आहे' असं म्हणून हा दुसरा पर्याय हमखास बंद केला जातो. कंट्रोलर सापडतो, त्यावरची डिस्क सापडत नाही.

यादीत 'एसडीए१' दिसत असेल आणि तरी पॅनिक होत असेल, तर बूट ओळ पाहा. तिथे 'रूट=यूयूआयडी=...' असणार आणि इनिटरामएफएस (खरी रूट डिस्क जोडण्याआधी रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टम) नसणार. फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा एकमेव ओळख क्रमांक) कर्नलला स्वतःला कळत नाही, तो शोधण्याचं काम इनिटरामएफएसमधल्या प्रोग्रामचं आहे. पार्टिशनचा यूयूआयडी मात्र कर्नल थेट ओळखतो, म्हणून इनिटरामएफएसशिवाय बूट करायचं असेल तर 'रूट=पार्टयूयूआयडी=...' लिहा. गेस्टसाठी मला हीच रचना आवडते: रूटपर्यंत पोचायला लागणारं सगळं, म्हणजे व्हर्टआयओ_पीसीआयपासून ईएक्सटी४पर्यंत, 'एम' (मॉड्यूल) न ठेवता 'वाय' (बिल्ट-इन) करायचं आणि इनिटरामएफएस सोडून द्यायचं. रूट एलव्हीएमवर (डिस्कच्या लवचिक विभागणीवर) किंवा एन्क्रिप्टेड असेल तर हे जमत नाही, तिथे इनिटरामएफएस हवंच. ते दुसऱ्या मशीनवर तयार करत असाल तर इनिटरामएफएस-टूल्सच्या सेटिंगमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' ठेवा. 'डेप' ठेवलं तर ज्या मशीनवर बनवलं तिच्यापुरतेच ड्रायव्हर आत जातात.

आणखी एक गोष्ट पहिल्या बूटच्या आधीच करा. गेस्टला सिरीयल पोर्ट जोडा, बूट ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' घाला आणि होस्टवरून 'क्यूएम टर्मिनल'ने बघत बसा. ग्राफिकल कन्सोलवर पॅनिकच्या वरचा मजकूर निघून जातो, आणि आत्ताच सांगितलेली यादी नेमकी त्याच भागात असते.

हलकं करण्यासाठी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' हा सोपा मार्ग आहे. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल पाहून बाकीची तो बंद करतो. तो गेस्टच्या यादीवर चालवायचा, बिल्ड करणाऱ्या मशीनच्या नाही. गेस्टमध्ये 'एलएसमॉड'चं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि बिल्ड करताना 'एलएसमॉड=' या व्हेरिएबलमधून ती फाइल द्या. 'त्या क्षणी' हे शब्द विसरू नका. क्लाउड-इनिट या पहिल्या बूटला गेस्टची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची माहिती प्रॉक्समॉक्स सीडीरॉमच्या रूपात जोडतो. बूट होताना ती वाचून झालेली असते आणि तुम्ही यादी घेता तेव्हा सीडीची फाइलसिस्टम वाचणारं आयएसओ९६६० कदाचित लोड नसतं. नव्या कर्नलमधून ते गळतं. त्या गेस्टवर काहीच फरक दिसत नाही, पण त्याच्यापासून केलेल्या टेम्पलेटचा पहिला क्लोन उठतो तेव्हा त्याला ना आयपी पत्ता मिळतो ना एसएसएच की. बूटसाठीची ईएफआय पार्टिशनही अशीच फसवते: व्हीफॅट असतं, पण त्याला लागणारे कोडपेज ४३७ आणि आयएसओ८८५९-१ चे तक्ते गळलेले असतात, आणि माउंट नाकारलं जातं. यादी घेण्याआधी गेस्टकडून त्याची सगळी कामं एकदा करून घ्या, बॅकअपचं एनएफएस माउंट आणि फायरवॉलचे नियमसुद्धा.

बंद काय करावं? साउंड, ब्लूटूथ, वायफाय, भौतिक नेटवर्क कार्डं, लॅपटॉपचे प्लॅटफॉर्म ड्रायव्हर, व्हर्टआयओ सोडून बाकीचे ग्राफिक्स. यात चुकण्यासारखं फार नाही. एसीपीआय (पॉवर आणि हार्डवेअर सांभाळण्याचा इंटरफेस) मात्र बंद करू नका. 'व्हर्च्युअल मशीनला कसलं पॉवर मॅनेजमेंट' असं वाटतं खरं, पण गेस्ट एजंट (होस्टच्या आज्ञा ऐकणारा गेस्टमधला प्रोग्राम) बसवलेला नसेल तर होस्टवरून दिलेलं शटडाउन गेस्टला पॉवर बटण दाबल्यासारखं पोचतं. ते ऐकायला एसीपीआय_बटन लागतं. ते नसेल तर प्रॉक्समॉक्स वाट पाहून शेवटी गेस्टची वीजच तोडतो, आणि होस्टच्या प्रत्येक रीबूटला तुमच्या डेटाबेसला रिकव्हरी करावी लागते. चालू गेस्टला डिस्क किंवा नेटवर्क कार्ड जोडायचं असेल तर पीसीआय हॉटप्लगही हवं. प्रॉक्समॉक्समधल्या मशीनच्या दोन प्रकारांपैकी आय४४०एफएक्सला एसीपीआयचं आणि क्यू३५ ला पीसीआयईचंही चालू ठेवा.

आता घड्याळ. गेस्टमध्ये वेळेची दोन वेगळी कामं असतात आणि त्यांची गल्लत होते. एक, सेकंद किती वेगाने सरतात. हे क्लॉकसोर्स ठरवतो आणि तो 'करंट_क्लॉकसोर्स' या फाइलमध्ये दिसतो. तिथे 'केव्हीएम-क्लॉक' किंवा 'टीएससी' (सीपीयूमधला वेळमोजक) असेल तर ठीक आहे. होस्टचा टीएससी स्थिर असून तसं गेस्टला सांगितलेलं असेल, तर नवे कर्नल आपणहून टीएससी पसंत करतात, त्यात ढवळाढवळ नको. 'एचपीईटी' किंवा 'एसीपीआय_पीएम' दिसलं तर मात्र केव्हीएम_गेस्ट राहून गेलं असणार, कारण तिथे नुसती वेळ विचारायलासुद्धा होस्टकडे जावं लागतं.

दुसरं काम, आत्ता किती वाजले. तुमची अडचण ही आहे. रॅमसकट घेतलेला स्नॅपशॉट परत घेतला की गेस्टची मेमरी त्या जुन्या क्षणातून पुढे चालू लागते आणि भिंतीवरचं घड्याळ तिथलंच असतं. केव्हीएम-क्लॉक ते दुरुस्त करत नाही, ते त्याचं कामही नाही. पीटीपी_१५८८_क्लॉक_केव्हीएम चालू करा. गेस्टमध्ये '/डेव्ह/पीटीपी०' येतं आणि त्यातून नेटवर्कशिवाय थेट होस्टची वेळ वाचता येते. क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये 'रेफक्लॉक पीएचसी /डेव्ह/पीटीपी० पोल २' ही ओळ घाला. 'मेकस्टेप १.० -१' ही दुसरी ओळही हवी, कारण फरक मोठा असला की क्रोनी एरवी हळूहळू जुळवत बसतो, आणि 'मेकस्टेप'ची मर्यादा साधारण सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही अपडेटपुरतीच दिलेली असते. उणे एक म्हणजे कधीही उडी मारायला परवानगी. डेटाबेसच्या गेस्टवर मात्र ही परवानगी विचार करून द्या, तिथे अचानक पुढे सरकलेली वेळ काही प्रोग्रामना मानवत नाही. आणि होस्टची स्वतःची वेळ एनटीपीने बरोबर आहे ना, ते आधी पाहा.

टिकबद्दलचा, म्हणजे कर्नलला ठरावीक वेळाने जागं करणाऱ्या ठोक्याबद्दलचा, जुना सल्ला अजून फिरतो: एचझेड १००० वरून १०० करा. एके काळी तो योग्य होता. रिकामा बसलेला प्रत्येक गेस्ट सेकंदाला हजार वेळा जागा व्हायचा आणि होस्ट त्यातच दमायचा, म्हणून तर रेडहॅट ५ मध्ये 'डिव्हायडर=१०' हा बूट पर्याय होता. आता एनओ_एचझेड_आयडल असल्यावर रिकामा सीपीयू टिक घेतच नाही. डेबियनचे २५० तसेच राहू द्या.

सीपीयूच्या बाबतीत एक पर्याय नीट समजून घ्यावा असा आहे, पॅराव्हर्ट_स्पिनलॉक्स. होस्टवर कोअर आठ आणि गेस्टांचे मिळून व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) चोवीस असतील, तर होस्ट कुठल्याही क्षणी कुठलाही व्हीसीपीयू बाजूला काढू शकतो. नेमका लॉक हातात असलेला व्हीसीपीयू बाजूला पडला, तर खोलीची किल्ली खिशात ठेवून माणूस झोपी गेल्यासारखं होतं. बाकीचे व्हीसीपीयू त्या लॉकभोवती गरगरत राहतात आणि होस्टचा वेळ जाळतात. हा पर्याय चालू असला की थोडा वेळ गरगरून ते स्वतःहून थांबतात, आणि लॉक सुटला की त्यांना उठवलं जातं. ओव्हरकमिट असलेल्या, म्हणजे कोअरपेक्षा जास्त व्हीसीपीयू वाटलेल्या होस्टवर हा फरक मोठा असतो. डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये तो असेलच असं धरू नका.

त्याच्या जोडीला 'टॉप'मधला 'एसटी' हा रकाना पाहायची सवय लावा. होस्टने तुमचा सीपीयू किती वेळ दुसऱ्याला दिला ते तिथे दिसतं. पॅराव्हर्ट_टाइम_अकाउंटिंग चालू केलं तर गेस्टचा शेड्युलरही तो वेळ वजा करून हिशेब करतो. 'सॉफ्ट लॉकअप... स्टक फॉर २२ सेकंद' असा संदेश गेस्टमध्ये आला की कर्नल बिघडला असं वाटतं. गेस्टवर त्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की होस्टने या व्हीसीपीयूला वीस सेकंदांहून जास्त वेळ पाळीच दिली नाही. होस्टची डिस्क तुंबली असेल किंवा बॅकअप चालू असेल, तिथे शोधा. वॉचडॉगची मर्यादा वाढवून संदेश गप्प करणं म्हणजे खरं कारण झाकणं.

डिस्कच्या शेड्युलरवर फार वेळ घालवू नका. 'एलिव्हेटर=नूप' हा बूट पर्याय आता काहीच करत नाही, कारण ते जुने शेड्युलर २०१९ मध्ये ५.० बरोबरच गेले. 'शेड्युलर' फाइलमध्ये 'नन' किंवा 'एमक्यू-डेडलाइन' असेल तर पुढे चला, क्रम लावायचं काम शेवटी होस्टच करणार आहे.

बलूनबद्दल (गेस्टकडून रॅम परत घेण्याच्या सोयीबद्दल) माझं मत ठाम आहे: ड्रायव्हर सगळीकडे ठेवा, पण वापर निवडून करा. होस्टची मेमरी साधारण ८० टक्क्यांच्या वर गेली की प्रॉक्समॉक्स बलून फुगवून गेस्टकडची रॅम परत घेऊ लागतो, तुम्ही ठरवलेल्या किमान मर्यादेपर्यंत. वेब सर्व्हरच्या गेस्टमध्ये त्याने थोडी पेज कॅश जाते, इतकंच. पोस्टग्रेस किंवा जावाच्या गेस्टने मात्र सुरू होतानाच आपल्या मेमरीचा हिशेब केलेला असतो. त्याच्या पायाखालून रॅम काढली की तो स्वॅपमध्ये जातो. तिथे किमान आणि कमाल आकडे सारखेच ठेवा.

क्लोन करणाऱ्यांसाठी एक नवा पर्याय महत्त्वाचा आहे, २०२२ मध्ये ५.१८ बरोबर आलेला व्हीएमजेनआयडी. रॅमसकट असलेला एकच स्नॅपशॉट दोनदा सुरू केला, तर दोन्ही गेस्टमधल्या यादृच्छिक संख्यांच्या जनित्राची अवस्था तंतोतंत सारखी असते, आणि त्यातून सारख्याच गुप्त किल्ल्या निघू शकतात. व्हीएमजेनआयडीमुळे 'तू आता वेगळी मशीन आहेस' हे कर्नलला कळतं आणि तो जनित्रात नवं बीज घालतो. प्रॉक्समॉक्स आपल्या बाजूने हा आयडी देतोच, गेस्टमध्ये ड्रायव्हर असला म्हणजे झालं.

राहिला सुरक्षेचा भाग. 'मिटिगेशन्स=ऑफ' (सीपीयूच्या त्रुटींवरचे उपाय बंद) टाकून वेग मिळवण्याचा सल्ला जिकडेतिकडे वाचायला मिळतो. त्याआधी '/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज' या डिरेक्टरीतल्या फाइली वाचा. एमडीएस या सीपीयूच्या त्रुटीसमोर 'क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड' असं दिसत असेल, तर गेस्टचा कर्नल उपाय करू पाहतो आहे, पण सीपीयूत ती सोय आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. होस्टचा मायक्रोकोड (सीपीयूच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत असूनही असं होऊ शकतं, कारण गेस्टला प्रॉक्समॉक्सने निवडलेला सीपीयूच दिसतो, आणि जुन्या गेस्टांचा तो 'केव्हीएम६४' असतो. त्यात पीसीआयडी हे सीपीयूचं वैशिष्ट्यही नसतं, त्यामुळे मेल्टडाउन या त्रुटीवरचा उपाय विनाकारण महाग पडतो. म्हणजे ज्या मंदपणासाठी लोक उपाय बंद करतात, तो पुष्कळदा सीपीयूच्या चुकीच्या निवडीतून आलेला असतो. एकच होस्ट असेल तर सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करा. वेगवेगळ्या पिढ्यांच्या होस्टांमध्ये लाइव्ह मायग्रेशन करायचं असेल, तर सगळ्यांना चालेल असा प्रकार निवडून पीसीआयडी, स्पेक-सीटीआरएल, एसएसबीडी आणि एमडी-क्लिअर हे फ्लॅग हाताने चालू करा. हा बदल आतून रीबूट करून लागू होत नाही. गेस्ट पूर्ण बंद करून प्रॉक्समॉक्सवरून पुन्हा सुरू करा आणि मग त्या फाइली परत वाचा.